मापाच्या वेळी पुस्तक थांबव

'मावशी, नमस्कार. मी अमळनेरला घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. हाताखाली दोन मुली आहेत, एक १९ वर्षांची, एक २२ची. दहावीनंतर माझं लग्न झालं आणि वाचन सुटलं ते सुटलंच. मागच्या दिवाळीत भाच्यानं मोबाईलमध्ये ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं, एक छोटा स्पीकरही आणून दिला. तेव्हापासून आम्ही तिघी मशीनवर बसून पुस्तकं ऐकायचो. हात चालू, कान मोकळे. किती पुस्तकं झाली ते मोजलं नाही, पण माझं मलाच नवल वाटतं.

मागच्या महिन्यात एक नावाजलेली कादंबरी चालू होती. मी एका बाईंचं माप घेत होते, टेप त्यांच्या छातीभोवती. दारात एक म्हातारे बाबा नातीचा शाळेचा गणवेश उसवला म्हणून घेऊन उभे. आणि पुस्तकात नेमकं नवरा-बायकोचं ते वर्णन सुरू झालं. वाचणारा पुरुष. फोन खिडकीत चार्जिंगला. माझे हात गुंतलेले, मुली मान खाली घालून बसलेल्या, कुणी उठेना. बाबा गणवेश पायरीवर ठेवून निघून गेले. बाई एवढंच म्हणाल्या, "हाई काय लायेल शे वो माय?" म्हणजे, हे काय लावलंय गं बाई? त्या दिवसापासून स्पीकर बंद आहे. मिस्टर म्हणतात, भजनं लाव, पुस्तकं दुकानात नकोतच. मुली रोज विचारतात, ताई, पुढं काय झालं असेल? आमचे शेवटचे तीन तास राहिलेत. चार परकी माणसं येतात-जातात अशा जागी कुठली पुस्तकं लावावीत? की लावूच नयेत?'

तू मावशी म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते.

स्पीकर कायमचा बंद करू नकोस. दहावीनंतर तुटलेलं पुस्तकाचं नातं मशीनवर बसल्या बसल्या पुन्हा जुळलं, तुझ्याबरोबर दोन पोरींचंही जुळलं, ही त्या खोलीत घडलेली फार मोठी गोष्ट आहे. एका दुपारीपायी ती घालवायची नाही. आणि ते पुस्तक घाण होतं असंही मनात धरू नकोस. तेच पान रात्री एकटीनं ऐकलं असतंस तर तुला त्यात दोन माणसांची एकमेकांवरची माया दिसली असती. पुस्तक चुकलं नाही, त्याची वेळ आणि जागा चुकली.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: 'माझे हात गुंतलेले.' तुझे हात टेपमध्ये, बाईंचं अंग टेपमध्ये, बाबांचे पाय पायरीवर, मुलींच्या माना खाली. त्या खोलीत त्या घडीला कुणीच मोकळं नव्हतं, मोकळा होता तो फक्त आवाज.

मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून बोलले. तिथं जुन्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात कानात घातलेली गोष्ट अशी, की श्रोता कधी सुरुवातीपासून ऐकत नसतो. तो मध्येच येतो. भाकरी थापताना, गाडीची वाट बघताना एखादं वाक्य कानावर पडतं आणि तेवढंच घेऊन तो उठून जातो. बोलायचं ते त्या मध्येच आलेल्या माणसाला धरून. तुझ्या दुकानातली गोष्ट तर याच्याही पुढची आहे. रेडिओवाल्याला निदान बटण फिरवता येतं. तुझ्या गिऱ्हाइकाला तेही येत नाही.

तुम्ही तिघींनी ती कादंबरी पहिल्यापासून ऐकली होती. ती दोघं कोण, कशी भेटली, किती सोसून तिथवर आली, हे तुम्हाला ठाऊक होतं. माप द्यायला आलेल्या बाईंच्या वाट्याला फक्त तीन मिनिटं आली. त्यांच्या दृष्टीनं कादंबरी नव्हतीच, ती तीन मिनिटं होती, आणि ती तुझ्या दुकानाच्या तोंडून आली. पुस्तकातला खलनायक शिवी देतो तेव्हा वाचणाऱ्याला कळतं की शिवी त्याची आहे. पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला ती दुकानाची वाटते. तेव्हा दुकानासाठी पुस्तक निवडताना 'पुस्तक चांगलं आहे का' हा प्रश्न अपुरा पडतो. त्यातली कुठलीही तीन मिनिटं, पुढचं-मागचं काही माहीत नसलेल्या आणि उठून जाता न येणाऱ्या माणसाच्या कानावर पडली तर काय होईल, असं विचारायचं.

माप देणारी बाई कशी उभी असते ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. हात अंगापासून जरा लांब, पदर खांद्यावरून उतरवलेला, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. कुणी बाळंतपणानंतर पहिल्यांदा ब्लाउज शिवायला आलेली, कुणी लग्न ठरलेली लाजरी पोर, कुणी ऑपरेशन झालेली. चांगली शिवणारी बाई छातीचा आकडा मोठ्यानं म्हणत नाही, गुपचूप वहीत लिहिते. हे तुला कुणी शिकवलं नसेल, तरी तू करतच असशील. मग त्याच वेळी खोलीत एक परका आवाज बोलत असला, त्यातून पुरुषाचा, तर तो कितीही सोज्वळ बोलत असो, नकोसाच होतो. म्हणून माझा पहिला नियम कुठल्या पुस्तकाचा नाहीच. माप चालू असताना आणि पडद्याआड ट्रायल चालू असताना पुस्तक थांबलेलं पाहिजे. संताचं चरित्र असलं तरी थांबलेलं पाहिजे.

त्यासाठी आधी फोन त्या खिडकीतून हलव. जमलं तर घरातला एखादा जुना, सिमकार्ड नसलेला मोबाईल या कामाला लाव. घरच्या वायफायवर किंवा भाच्याच्या हॉटस्पॉटवर पुस्तकं उतरवून घे, मग दिवसभर नेट लागत नाही. याचा दुसरा फायदा मोठा आहे. तुझा रोजचा फोन स्पीकरला जोडलेला असला की आलेला कॉल, व्हॉट्सॲपवरचा नणंदेचा निरोप, सगळं गिऱ्हाइकांसमोर घुमतं. स्पीकर असा घे की त्याच्यावरच थांबवायचं मोठं बटण असेल, अंधारातही बोटाला लागेल असं. तो खिडकीत नको, दाराकडे तोंड करून बसणाऱ्या मुलीच्या मशीनशेजारी ठेव. पायरीवर चप्पल वाजली की बटण दाबायचं, हे तिचं काम. तिला तसं स्पष्ट सांग, आणि पुस्तक ऐन रंगात असताना दाबलं तरी तू किंवा दुसरी कुणी 'श्शी, आत्ता कशाला' म्हणणार नाही, हेही ठरवून घ्या. त्या दुपारी मुली उठल्या नाहीत, कारण ताईंचं पुस्तक आपण कसं बंद करायचं हे त्यांना कळलं नाही.

मुलींचं आलंच आहे तर बोलते. गिऱ्हाईक दहा मिनिटांत जातं, त्या तुझ्याजवळ दिवसभर असतात आणि पगार तुझ्याकडून घेतात. म्हणजे नको असलेलं पुस्तक ऐकत बसणं हे त्यांच्याच वाट्याला सगळ्यात जास्त येऊ शकतं. रोज 'पुढं काय झालं असेल' विचारतात यावरून त्यांना गोडी लागली आहे हे खरं, पण एकेकीला वेगवेगळं विचार. दोघींसमोर विचारलंस तर दोघी 'चालेल ताई' म्हणतील.

आता गिऱ्हाइकाला कसं विचारायचं. 'बंद करू का?' असं विचारू नकोस. आपल्याकडे या प्रश्नाला 'नाही, राहू द्या' याखेरीज उत्तर नाही, मग मनात काही का असेना. तू आधीच थांबव. मग बसायला स्टूल देताना सहज म्हण, 'आम्ही गोष्ट ऐकत होतो, ऐकायची असली तर लावते.' ज्यांना नको त्यांना नको म्हणायची वेळच येत नाही, आणि ज्यांना हवं त्या स्वतः म्हणतात, 'लाव ना माय, काय गोष्ट शे?' त्या बाईंना मग दोन वाक्यांत सांग, ही एका शाळामास्तराची गोष्ट आहे, तो नवीन गावात आलाय. तेवढं सांगितलं की मध्येच आलेला माणूस मध्येच राहत नाही.

माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगते. भावाच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला मी एका लॅबमध्ये बसले होते. काउंटरवरच्या मुलानं मोबाईलवर कथा लावली होती. भाषा सुंदर, वाचणारीचा आवाज उत्तम. कथेत एका घरात माणूस गेला होता आणि त्याची बहीण त्याचे कपडे घडी करून ठेवत होती. त्या मुलाची काही चूक नव्हती, तो पाकिटांवर नावं लिहीत होता. बाकावर आम्ही सहा-सात जण, प्रत्येकाच्या हातात पावती. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. आज त्या कथेचं नाव मला आठवत नाही, पण 'बाहीची घडी' हे दोन शब्द ऐकले की मला तो बाक आठवतो. भाऊ बरा आहे माझा. तरीही आठवतो. त्या कथेत अश्लील काही नव्हतं, हे लक्षात ठेव. परक्या माणसाला बोचणारी गोष्ट फक्त तीच नसते जी आपल्याला लाजवते.

म्हणून ॲपवर 'प्रौढांसाठी' लिहिलंय का एवढं बघून भागत नाही. तू स्वतः पहिला कान हो. दुकानात लावायचं पुस्तक आधी तू ऐकलेलं असलं पाहिजे, रात्री भांडी घासताना, नाहीतर सकाळी स्वयंपाकात. सगळं ऐकायला वेळ नसेल तर सुरुवात ऐकून निर्णय करू नकोस. सुरुवात सगळ्यांची सोवळी असते. पाव भाग झाल्यावर, अर्ध्यावर आणि पाऊण झाल्यावर, अशा तीन ठिकाणी पुस्तक उघड आणि तीन-तीन मिनिटं ऐक. डोळ्यांसमोर ते बाबा, ती बाई आणि आईबरोबर आलेली एखादी सात वर्षांची पोर उभी कर.

आणि एकदा मशीन चालू ठेवून ऐक. हे कुणी सांगत नाही. मोटरची शिलाई मशीन, त्यावर ओव्हरलॉक, वर पंखा; या गोंगाटात वाक्याचा शेवटचा शब्द पहिला बुडतो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणजे 'आहे' की 'नाही' तेच कळत नाही. मग आवाज वाढतो, आणि मशीन थांबलं की तो वाढलेला आवाज रस्त्यापर्यंत जातो. एका निवेदकानं सरळ, जरा सावकाश वाचलेली पुस्तकं शिवणाच्या खोलीत चांगली ऐकू येतात. पार्श्वसंगीत, पाचसहा नटांचे आवाज, मध्येच किंकाळी, दाराची कडी, असं नाट्यमय रूपांतर घरी छान, दुकानात नको. स्पीकर मोठा करण्यापेक्षा जवळ आण. तुमच्या तिघींच्या मध्ये, पण त्या दाराकडच्या मुलीच्या हाताशी, गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेला छोटा स्पीकर निम्म्या आवाजात पुरतो.

कानात इअरफोन घालायचे का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तुझा भाचा सुचवेल. तू एकटी तुरपाई करत बसलेली असलीस तर एका कानात घाल. दोन्ही कान बुजवून मशीनवर बसू नकोस. दारातलं गिऱ्हाईक दोनदा हाक मारून निघून जातं, इस्त्री गरम राहते. आणि तिघी तीन पुस्तकं ऐकायला लागलात तर 'पुढं काय झालं असेल' हे विचारायला कुणी उरत नाही.

आता पुस्तकं.

अमळनेरच्या बाईला साने गुरुजींपासून सुरुवात करायला मी सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही. तुमच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते, तिथल्या वसतिगृहाची मुलं त्यांनी सांभाळली, आणि १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ती दुकानासाठी बांधल्यासारखी आहे, कारण ती ४२ रात्रींची आहे. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, ती त्या रात्रीपुरती पुरी होते. मध्येच आलेल्याला धागा शोधावा लागत नाही, आणि निम्म्या गिऱ्हाइकांना ती शाळेपासून ओळखीची असते. तरी एक जपायचं. शेवटच्या रात्री आईच्या आजारपणाच्या आणि जाण्याच्या आहेत. नुकतीच आई गेलेली बाई तुझ्या स्टुलावर बसलेली असू शकते. त्या रात्री दुकानाचं दार लोटलं की ऐका, तिघीच. पोरी रडतील. रडू दे.

दुसरं नाव बहिणाबाईंचं. जळगावजवळ असोद्याचा जन्म, १८८० चा. अक्षरओळख नाही. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता गाणी सुचली, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. ते वाचून दाखवलेलं मिळालं तर कुठल्याही गिऱ्हाइकासमोर निर्धास्त लाव. दोन-तीन मिनिटांची कविता, आपल्या मातीची बोली, कुणीही म्हातारी बाई लगेच मान डोलावते. तुझ्या मिस्टरांनाही हे सांग: हातानं काम आणि कानानं शब्द, हे खानदेशातल्या बायकांना मोबाईलनं शिकवलेलं नाही.

व्यक्तिचित्रं हा प्रकार मला दुकानासाठी कादंबरीपेक्षा कितीतरी बरा वाटतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ची. प्रत्येक माणूस एका बैठकीत भेटतो आणि संपतो. शाळेतल्या झेल्याची गोष्ट सुरू झाली की ब्लाउजची एक बाही लागेपर्यंत तो तुमचा झालेला असतो. काही चित्रांचा शेवट जिवाला लागतो, तेव्हा आधी ऐकून घे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' लांब आहेत, पण प्रसंगाप्रसंगानं सांगितलेली आहेत आणि अशी बाई बोलते आहे की जणू तुझ्याच ओट्यावर बसली आहे. घरातलं धर्मांतर त्यात येतं. तो भाग गर्दीच्या वेळी नको, निवांत दुपारी ऐका, कारण त्यातलं दुःख तुकड्यानं कळत नाही.

पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहे. ते सगळ्यांना आवडतं, आणि तिथंच सांभाळायचं. विचार कर, पडद्याआड एक बाई नवा ब्लाउज घालून आरशात बघते आहे, दंडाला जरा घट्ट वाटतोय, आणि इकडे दोन पोरी फिदीफिदी हसल्या. ती बाई पुलंना हसल्या असं समजेल का? ती बाहेर येईल, काही बोलणार नाही, आणि पुढचा ब्लाउज दुसरीकडे टाकेल. विनोदी पुस्तक खोलीत तुम्ही तिघीच असताना.

न लावायच्या पुस्तकांची यादी मी देणार नाही, पण दोन उदाहरणं देते, कारण दोन्ही थोर पुस्तकं आहेत. खांडेकरांची 'ययाति', १९५९ची, पुढं ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाची सगळ्यात गाजलेली कादंबरी. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा स्वतःच्या तोंडून बोलतात, आणि विषयच वासनेचा आहे. नाव पुराणातलं म्हणून कुणीही पोथीसारखी लावेल आणि तुझ्यासारखीच अडकेल. दुसरं दया पवारांचं 'बलुतं', १९७८चं. ते तू ऐकच, मुलींनाही ऐकव. पण त्यात माणसांचा जातीवरून झालेला अपमान आहे तसा सांगितलेला आहे. पायरीवर उभ्या असलेल्या बाईच्या कानावर नेमकी तेवढीच दोन वाक्यं पडली, आणि ती बाई त्याच वस्तीतून आलेली असली, तर लेखकानं ज्या जखमेसाठी पुस्तक लिहिलं तीच जखम तुझ्या दुकानात तिला पुन्हा होईल. अशी पुस्तकं दार लोटून ऐकायची, पूर्ण ऐकायची.

भुताखेताच्या गोष्टी आणि खुनाच्या रहस्यकथा मी दुकानात लावणार नाही. आईचं बोट धरून आलेलं पोर रात्री झोपत नाही. घरगुती उपचार सांगणारी पुस्तकंही नकोत, लोक त्यातलं वाक्य तुझा सल्ला म्हणून घरी नेतात. राजकारणाचं तर नकोच.

भजनांबद्दल. मिस्टरांचं म्हणणं काळजीतून आलेलं आहे, रागावू नकोस. पण भजन लावलं की कुणालाच काही वाटणार नाही असं नसतं. तुझ्याकडे बुरख्यातल्या बायका सलवार-कमीज शिवायला येत असतील, वेगळ्या पंथाच्या येत असतील. शिवाय ज्यांची श्रद्धा आहे त्यांनाच अभंग चालू असताना कमरेचा घेर मोजून घेणं प्रशस्त वाटत नाही. सकाळी दुकान उघडताना तुझ्या देवापुढं भजन लाव, ते तुझं आहे. दिवसभर मात्र परक्यासमोर शांतता असावी, आणि त्याला हवं असेल तर गोष्ट.

एक कायद्याची बाब, थोडक्यात. ॲपचं सभासदत्व साधारण वैयक्तिक ऐकण्यासाठी असतं, त्यांच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. तिघींनी मशीनशेजारी बारीक आवाजात ऐकणं आणि गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून दाराकडे तोंड करून स्पीकर लावणं यात फरक आहे. दुसरं करू नकोस. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांना मोकळं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा 'श्यामची आई'चा मजकूर कधीच मोकळा झाला आहे. पण कुणी ते वाचून ध्वनिमुद्रित केलं असेल तर त्या मुद्रणाचा हक्क वेगळा, तो ज्यानं काढलं त्याचा.

यावरून मला एक सुचलं, ते सांगते. आठवड्यातून एक दुपार स्पीकर नकोच. वाचनालयातून 'श्यामची आई' आण आणि तुम्ही दोघी काज-हुकाचं काम घेऊन बसा, तिसरीनं मोठ्यानं वाचायचं. आज एकीनं, पुढच्या आठवड्यात दुसरीनं. दार वाजलं की वाचणारी आपोआप थांबते, बटणही लागत नाही. माणूस समोर बघून वाचतं. नको ते आलं तर आवाज खाली येतो, डोळे वर होतात. मोबाईलला ते जमत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तुमच्या गावात ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मोठमोठ्यांनी वाचलेलं गावानं ऐकलं. तुझ्या १९ वर्षांच्या पोरीनं वाचलेलंही ऐकू दे. पहिल्यांदा अडखळेल. पेज संपेपर्यंत कुणी तिला टोकू नका.

राहिले ते बाबा आणि त्या बाई. लांबलचक माफी मागू नकोस, त्यानं झालेलं पुन्हा ताजं होतं. पायरीवर राहिलेला गणवेश शिवून ठेवला असशीलच. नात किंवा तिची आई आली की दे आणि शिलाई घेऊ नकोस, म्हणजे काय ते बाबांना कळेल. बाई ब्लाउज न्यायला आल्या की एवढंच म्हण, 'काकू, त्या दिवशी तुमचं माप चालू असताना मी ते बंद करायला हवं होतं. आता मापाच्या वेळी काही लावत नाही.' आणि खरंच लावू नकोस. पुढच्या वेळी त्यांना ते दिसेल.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे पंधरा दिवस, माहेरी आलेल्या लेकीबाळींचे ब्लाउज आणि पाठोपाठ यात्रेची गर्दी, तेव्हा पुस्तक बंदच ठेव. दर पाच मिनिटांनी थांबवावं लागलं तर गोष्टीचाही जीव जातो आणि मापातही चूक होते.

ती अर्धी राहिलेली कादंबरी मात्र सोडू नका. एखाद्या रविवारी दुकान बंद असताना मुलींना जेवायला बोलाव. भरीत कर, कळण्याच्या भाकरी टाक, मिस्टरांना मित्राकडे पाठव, दार लावून घे आणि ते शेवटचे तीन तास तिघी मिळून ऐकून टाका. त्या दुपारी जिथं थांबलात तिथून नको, त्याच्या एक प्रकरण आधीपासून लाव.